चारित्र्याची पेटी : वर्षभर वापरून झाल्यावर

पेटी उघडली तेव्हा हाताला पहिल्यांदा लागलं ते स्टिकरचं पाकीट. पत्ते, पुस्तिका, वह्या सगळं त्याच्या खाली दडलेलं. विकणारा आपला लाडका माल नेहमी वर मांडतो, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

मी सहावीची वर्गशिक्षिका. वर्गात ३४ मुलं, घरी दोन. मोठी तेरा वर्षांची, धाकटा आठचा. मुलांवर चांगले संस्कार व्हावेत म्हणून शाळेने गेल्या वर्षी एक तयार संच घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा पेट्या आता बरेच जण काढतात आणि आतला माल उन्नीस-बीस सारखाच असतो. वर्गासाठी मोठी पेटी, मुलांच्या घरांसाठी छोटी, शिवाय मोबाइलवर एक ॲप. म्हणजे बाई म्हणून एक पेटी माझ्या कपाटात आली आणि आई म्हणून दुसरी घरी. आठवड्यातून एक तास वर्गात आणि रोज रात्री दहा मिनिटं घरी, असं पुस्तिकेत लिहिलंय. तास बहुतेक वेळा झाला. रात्रीची दहा मिनिटं आठवड्यातून तीनदा जमली तरी आम्ही स्वतःवर खूश असायचो.

आत काय काय आहे ते आधी सांगते. २४ गुणांचे २४ पत्ते. प्रत्येक गुणाची एक गोष्ट, अशी गोष्टींची पुस्तिका. 'तुम्ही काय कराल?' असं विचारणारे पेचाचे पत्ते. भिंतीवर लावायचा तक्ता आणि त्यावर चिकटवायचे स्टिकर. छातीवर लावायचे बिल्ले. मुलांसाठी रोजच्या नोंदींची जाडजूड वही. आणि पालकांची पुस्तिका, जिच्या अगदी शेवटी 'मोठ्यांचं पान' नावाची बारा कोरी पानं आहेत. या बारा पानांकडे मी परत येणार आहे.

माल म्हणून पेटी चांगली आहे. पत्ते जाड, कोपरे गोल केलेले, वर्षभर ३४ जणांच्या हातांतून फिरून एकही फाटला नाही. तक्ता मात्र दर आठवड्याला भिंतीवरून सुटून खाली येतो. आणि मराठी! मूळ मजकूर कुठल्या तरी दुसऱ्या भाषेतला, हे पहिल्याच पत्त्यावर कळतं. 'स्वतःची सर्वोत्तम आवृत्ती व्हा.' एकीने हात वर केला, "बाई, आवृत्ती म्हणजे पुस्तकाची असते ती?" दुसऱ्या पत्त्यावर नुसतं 'लवचिकता' असं लिहिलेलं. खचून न जाता पुन्हा उभं राहणं, असं त्यांना म्हणायचं होतं, हे मला मागची बारीक अक्षरं वाचल्यावर कळलं. तोवर मागच्या बाकावरची दोन मुलं उठून पायाचे अंगठे धरून दाखवत होती.

२४ हा आकडा मनाने काढलेला नाही. क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली माणसाच्या चांगल्या गुणांची एक वर्गवारी प्रसिद्ध केली. सहा मोठे सद्गुण आणि त्यांच्याखाली २४ गुण. वेगवेगळ्या संस्कृतींत आणि काळांत माणसं कशाला चांगलं म्हणत आली, याची ती मांडणी आहे. पेटीवाल्यांनी तिचं वेळापत्रक केलं. एका आठवड्याला एक गुण. या आठवड्यात प्रामाणिकपणा, पुढच्या आठवड्यात धैर्य, मग नम्रता. तिसऱ्याच आठवड्यात एका मुलाला शेजारच्याच्या वहीतून गणित उतरवताना धरलं, तर तो अगदी निरागसपणे म्हणाला, "बाई, प्रामाणिकपणा मागेच झाला ना?"

मला हसूही आलं आणि त्याचं चुकलं असंही म्हणवेना. आम्ही अपूर्णांक असेच शिकवतो. धडा झाला की पुढे.

आता ते स्टिकर. प्रामाणिकपणाच्या आठवड्यात नियम असा होता, की सापडलेली वस्तू बाईंकडे आणून दिली तर एक सोनेरी स्टिकर. पहिल्या दिवशी टेबलावर एक पेन्सिल आली. दुसऱ्या दिवशी चार वस्तू. गुरुवारी अकरा खोडरबर. मला वाटलं, वा, वर्ग काय सुधारलाय! मग त्यातल्या एका खोडरबराची ओळख पटली. त्याला कर्कटकाच्या टोकाने पाडलेली तीन भोकं होती आणि तो माझ्या टेबलावर चौथ्यांदा आला होता. एकदा एकाचा हरवला आणि दुसऱ्याला सापडला, पुढच्या वेळी उलट. दोघांच्याही नावापुढे दोन-दोन स्टिकर. बाकीच्यांनी तीच युक्ती उचलली होती, इतकंच. मला लबाडी धरल्याचा आनंद झाला नाही. त्यांनी नियम नीट वाचला होता, मी वाचला नव्हता.

यावरचा सगळ्यांत प्रसिद्ध प्रयोग १९७३ सालचा आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतली तीन ते पाच वर्षांची मुलं घेतली. ही मुलं रंगीत स्केचपेनने आपण होऊन चित्रं काढायची. काही जणांना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी पेन पुन्हा टेबलावर ठेवले. बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं आता बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत होती. मदतीचंही तसंच. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो यांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या बाळांवर केलेला प्रयोग आहे. पडलेली वस्तू मोठ्या माणसाला उचलून देणाऱ्या ज्या बाळांना त्याबद्दल खेळणं मिळत गेलं, ती पुढे खेळणं मिळेना तेव्हा बाकीच्यांपेक्षा कमी मदत करू लागली. हे वाचलेलं मला आधीपासून माहीत होतं. तरी पेटी समोर आल्यावर मी स्टिकर वाटले. तयार वस्तूची अशी भुरळ पडते.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी वर्गाला सांगितलं, स्टिकर संपले. थोडी कुरकुर झाली. महिनाभर टेबलावर काहीच आलं नाही, खरोखर हरवलेलंसुद्धा. मग हळूहळू एखादी पेन्सिल यायला लागली.

गोष्टींच्या पुस्तिकेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. २४ गोष्टी, त्यांतल्या बऱ्याचशा 'वाईट वागला आणि त्याचं वाईट झालं' अशा. 'लांडगा आला रे आला' अर्थातच आहे. ती धाकट्याला वाचून दाखवली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण शेवटी तो खरंच बोलत होता ना? मग मेंढ्या का गेल्या?" म्हणजे त्याच्या हिशेबाने गोष्ट अशी : दोनदा खोटं बोलून मजा आली, एकदा खरं बोलला आणि नुकसान झालं. त्याला चूक म्हणून सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

व्हिक्टोरिया तलवार, कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच २०१४ मध्ये तपासलं. तीन ते सात वर्षांच्या २६८ मुलांना आधी 'मागे वळून खेळणं बघू नको' असं सांगून एकटं ठेवलं, मग एक गोष्ट वाचून दाखवली आणि मग विचारलं, बघितलंस का? लांडग्याच्या गोष्टीने खरं बोलणाऱ्यांची संख्या वाढली नाही. खोटं बोललं की नाक लांब होणाऱ्या लाकडी बाहुल्याच्या गोष्टीनेही नाही. वाढली ती जॉर्ज वॉशिंग्टनच्या चेरीच्या झाडाच्या गोष्टीने, ज्यात पोरगा 'झाड मीच तोडलं' म्हणतो आणि वडील त्याला जवळ घेतात. त्याच गोष्टीचा शेवट बदलून वाईट केला तर परिणाम नाहीसा झाला. गंमत अशी, की ही वॉशिंग्टनची गोष्ट मुळात खोटी. मेसन वीम्स नावाच्या चरित्रकाराने ती १८०६ च्या आवृत्तीत घुसडली. खरं बोलायला शिकवणारी सगळ्यांत कामाची गोष्ट बनावट निघावी, याला काय म्हणायचं!

तेव्हा पेटी घेणाऱ्यांना एवढंच सांगते : पुस्तिकेतल्या शिक्षेच्या गोष्टी गाळा, ज्यांत कोणी कबूल करतं आणि समोरचा माणूस ते ऐकून घेतो तेवढ्या ठेवा. २४ पैकी पाच उरतील. मी मोजल्या आहेत.

पेचाचे पत्ते मात्र हातचे सोडू नका. अट एकच, मागची बाजू बुजवून टाका. कारण मागे उत्तर छापलंय. 'तुमच्या मित्राने परीक्षेत कॉपी केली. शिक्षकांनी सगळ्या वर्गाला विचारलं. तुम्ही काय कराल?' मागे : 'योग्य उत्तर : मी खरं सांगेन.' पहिल्यांदा हा पत्ता काढला तेव्हा ३४ च्या ३४ जण एका सुरात म्हणाले, "खरं सांगू!" चार मिनिटांत तास संपला. उरलेल्या वेळात मी शुद्धलेखन घेतलं.

ही कल्पना ज्याच्याकडून आली त्या लॉरेन्स कोलबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५८ च्या आपल्या प्रबंधात मुलांना पेच टाकले होते. बायको मरणाच्या दारात, औषधवाला अवाच्या सवा भाव लावतो, नवऱ्याने औषध चोरावं की नाही? पण मुलगा हो म्हणतो की नाही म्हणतो, याला त्याच्या लेखी किंमत नव्हती. तो 'का' विचारायचा आणि त्या का-च्या उत्तरावरून मुलाची विचाराची पायरी ठरवायचा. पेटीवाल्यांनी पेच घेतला, का फेकून दिला आणि मागे उत्तर छापलं.

पुढच्या आठवड्यात मी सगळ्या पत्त्यांच्या मागे खाकी कागद डकवला आणि तोच पत्ता पुन्हा काढला. आता म्हटलं, "सांगणार नाही असं ज्याला वाटतं, त्याची बाजू कोण मांडेल?" बराच वेळ कोणी बोलेना. मग खिडकीजवळचा एक मुलगा, जो हजेरी सोडली तर तोंड उघडत नाही, उभा राहिला.

"मी आधी त्यालाच सांगेन, की उद्यापर्यंत तू स्वतः बाईंना सांग. नाहीतर परवा मी सांगणार."

पुढच्या बाकावरून एक मुलगी मागे न वळताच म्हणाली, "म्हणजे एक दिवस तूपण खोटं बोललास."

तो विचारात पडला. मी काही बोलणार होते, ते गिळलं.

"हो," तो म्हणाला. "एक दिवस."

"आणि त्या एका दिवसात बाईंनी दुसऱ्यालाच शिक्षा केली तर?"

घंटा झाली. मुलं भांडत भांडत बाहेर पडली आणि पाण्याच्या नळाशीही तेच चाललं होतं. 'एक दिवस बोलला', 'अर्धाच दिवस', 'शिक्षा झाली तर लगेच सांगायचं ना मग!' मूल्यशिक्षणाचा तास वर्गाबाहेर चालू राहिलेला मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिला. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगनने १९८२ मध्ये कोलबर्गवर टीका केली, की तो न्यायाचीच पट्टी लावतो, नातं जपण्याचा विचार त्याच्या पायऱ्यांत खाली ढकलला जातो. खिडकीजवळच्या त्या मुलाने नियमही धरला होता आणि मित्रही सोडला नव्हता. पत्त्यामागच्या उत्तरात या दोन्हींतलं काहीच नव्हतं.

याने मुलं सुधारली का? प्रामाणिकपणे सांगायचं तर माहीत नाही. चांगला युक्तिवाद करणारा चांगला वागतोच असं नाही. दुसऱ्यालाच शिक्षा होईल म्हणून कळवळून बोलणारी तीच मुलगी दोन दिवसांनी मैत्रिणीचा निबंध लिहून देताना सापडली. पण धरल्यावर तिने मला तीन मिनिटं कारणं दिली आणि ती कारणं ऐकण्यासारखी होती.

आता ती बारा पानं. पालकांच्या पुस्तिकेच्या शेवटी, जाहिरातीत कुठेही उल्लेख नसलेली. प्रत्येक पानावर दोनच प्रश्न. 'आज माझं काय चुकलं?' आणि 'मी ते कसं निस्तरलं?' आई किंवा बाबांनी लिहायचं आणि मुलांसमोर मोठ्याने वाचायचं. पहिले दोन महिने मी ते पान उघडलंही नाही. पोरकट वाटलं. खरं सांगायचं तर लाज वाटली.

मग एक दिवस मैत्रिणीचा फोन आला. तिच्याकडे मला पाच वाजता पोचायचं होतं. पाच वाजून गेले होते, मी आरशासमोर ओले केस टॉवेलने पुसत होते. म्हटलं, "अगं निघालेय, रस्त्यातच आहे, पाच मिनिटांत पोचते." फोन ठेवला. मागे मोठी उभी होती. ती काही बोलली नाही. आत गेली, पालकांची पुस्तिका आणली, शेवटचं पान उघडून माझ्या कंगव्याशेजारी ठेवली, वर पेन ठेवला आणि निघून गेली. तेरा वर्षांच्या मुलीइतकं अचूक कोणी मारत नाही.

रात्री मी लिहिलं. 'आज मी मैत्रिणीला खोटं सांगितलं. उशीर झाला हे कबूल करायची लाज वाटली.' वाचून दाखवलं. मोठी छताकडे बघत होती. धाकट्याने मात्र दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं. "मग तिला सांगितलंस?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लिहिलं म्हणजे झालं, असं मी धरून चालले होते. दोघंही बघत होती. फोन लावला. मैत्रीण हसायलाच लागली, "मला काय नवीन आहे? तू नेहमीच निघालेली असतेस!" फोन स्पीकरवर होता.

चेल्सी हेज आणि लेस्ली कार्व्हर यांचा २०१४ चा एक अभ्यास आहे. मोठ्या माणसाने आधी एक थाप मारली आणि ती थाप होती असं मुलाला कळलं, तर शाळेच्या वयाची मुलं पुढच्या खेळात मनाई असताना जास्त डोकावली आणि नंतर जास्त खोटं बोलली. संशोधन राहू द्या बाजूला, ज्या घरात मूल दाराशी गेलं की 'सांग बाबा घरी नाहीत' असं आतून सांगतात, तिथे भिंतीवर कुठला तक्ता लावणार?

साधारण तीन आठवडे गेले. एका रात्री धाकटा झोपायच्या वेळी उठून आला. "मला पण एक पान पाहिजे." म्हटलं, तुझी वेगळी वही आहे की. "ती नको, ही." दिलं. तो जमिनीवर पालथा पडून बराच वेळ लिहीत होता. मग पान माझ्या हातात न देता बाबांच्या हातात दिलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'माझ्याकडून बाबांच्या चष्म्याची काडी तुटली. मी बसलो त्यावर. मी तो उशीखाली ठेवला. निस्तरायचं कसं ते माहीत नाही.'

आमच्या घरी तो चष्मा दोन दिवस सगळीकडे शोधला जात होता. कोणी वस्तू जागेवर ठेवत नाही यावर एक भाषणही झालं होतं, तेही धाकट्यासमोरच. हे काही न बोलता उठले, चिकटपट्टी घेऊन आले आणि दोघं दिव्याखाली काडी जोडत बसले. पट्टी वाकडी लागली. तसाच चष्मा त्यांनी आठवडाभर वापरला. त्यांनी त्या रात्री स्वतःचं पानही लिहिलं, त्या भाषणाबद्दल. मी वाचलं, इथे सांगत नाही.

सकाळी पाहिलं तर धाकट्याने दप्तरावरचा बिल्ला काढून टाकलेला. 'मी प्रामाणिक आहे.' हे बिल्ले पेटीत आहेत त्यामागेही एक खरा अभ्यास आहे. क्रिस्टोफर ब्रायन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की तीन ते सहा वर्षांच्या मुलांना 'मदत कर' म्हणण्यापेक्षा 'मदतनीस हो' म्हटलं की ती जास्त मदत करतात. पण नंतरच्या एका अभ्यासात उलटी बाजूही दिसली. 'मदतनीस' म्हटलेल्या मुलाच्या हातून मदत करताना काही बिघडलं, तर ते पुढच्या वेळी जास्त बिचकतं. नाव लावलं की ते निसटण्याची भीती आली. माझ्या मुलाने त्या एका चुकीनंतर बिल्ला काढला. ज्या रात्री तो खरोखर प्रामाणिक वागला, त्याच रात्री.

माझी पेटीवाल्यांशी मोठी तक्रार हीच आहे. मुलांच्या वहीला २४० पानं आणि मोठ्यांना बारा. कोणाला सुधारायचंय याचा त्यांचा हिशेब यात दिसतो. आमची बारा पानं कधीच संपली, आता साधी वही केली आहे. वर्गात असं पान वापरायचं धाडस मात्र मला झालं नाही. ३४ जणांसमोर स्वतःची चूक वाचणं म्हणजे वेगळंच काम.

ॲपचं थोडक्यात. टाकू नका मोबाइलवर. पालकांनी रोज टिकमार्क करायचे आणि महिनाअखेर मुलाला प्रत्येक गुणात शंभरपैकी मार्क. पालकसभेत दोन आया आकडे ताडून बघत होत्या. "आमच्याला नम्रतेत ९१." ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी १९२० च्या दशकात सुमारे ११,००० शाळकरी मुलांची परीक्षा घेतली. कॉपी करायची, खोटं बोलायची, वस्तू लांबवायची संधी वेगवेगळ्या ठिकाणी देऊन पाहिली. १९२८ ते १९३० मध्ये निष्कर्ष छापले. एका ठिकाणी खरं वागणारं मूल दुसऱ्या ठिकाणी तसंच वागेल असा भरवसा देता येईना. घरी बघतेच की मी. मोठी परीक्षेत मान वळवणार नाही, पण रात्री चादरीखाली मोबाइलचा उजेड दिसतो. तिला एकच आकडा कुठला द्यायचा?

पेटीवर ठळक अक्षरांत 'विज्ञानाने सिद्ध' असंही लिहिलंय. सिद्ध काय झालंय ते लिहिलेलं नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या शिक्षण विभागाने शाळाभर राबवायचे संस्काराचे असे सात कार्यक्रम प्राथमिक शाळांत घासून पाहिले होते आणि सरासरीने मुलांच्या वागण्यात सुधारणा आढळली नव्हती. आमची पेटी त्या सातांत नाही, पण तिची तऱ्हा त्यांच्यापेक्षा वेगळी आहे असंही मला दिसलं नाही.

पाचपैकी अडीच तारे. दोन पेचाच्या पत्त्यांना, अर्धा त्या बारा पानांना. अर्धाच, कारण ती बाराच आहेत. पुढच्या वर्षीच्या मागणीसाठी शाळेने माझं मत विचारलं, तेव्हा मी लिहून दिलं, पत्ते तेवढे मागवा. कंपनीचा माणूस म्हणाला, सुटे मिळत नाहीत, पूर्ण पेटीच घ्यावी लागेल.

म्हणून शेवटच्या महिन्यात आम्ही वर्गातच पत्ते केले. जाड कागद कापून प्रत्येकाला एक दिला. पुढे पेच लिहायचा, मागची बाजू कोरी ठेवायची, नाव घालायचं नाही. ३४ पत्ते जमले. बरेचसे भावंडांच्या मोबाइलवरून होते, काही कॉपीचे, एक आजीच्या औषधाचा. घरी नेऊन रात्री एकेक वाचत होते. त्यात हा निघाला, पेन्सिलने, अक्षर मुद्दाम बदललेलं.

'बाई म्हणाल्या स्टिकर संपले. पण खडू आणायला पाठवलं तेव्हा कपाटात अख्खं पाकीट दिसलं. बाईंना विचारायचं का?'

दुसऱ्या दिवशी मूल्यशिक्षणाचा तास नव्हता, गणिताचा होता. मी तो पत्ता वाचून दाखवला, कपाट उघडलं आणि पाकीट टेबलावर ठेवलं.